सगुणाबाईनं पास केलेला पिक्चर

परवाची गोष्ट. संध्याकाळी घरात सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा ठरला, आणि माझी नातसून मोबाईलला विचारायला लागली की हा पिक्चर फॅमिलीबरोबर बघण्यासारखा आहे का. मोबाईलनं चार तारे दाखवले. झालं, लावला. वीस मिनिटांत माझा मुलगा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो तिथंच राहिला, नातू उगीच पंख्याचं बटण खालीवर करायला लागला, आणि नातसून मान खाली घालून स्वतःची नखं बघत बसली. मी म्हातारा, मला कानानं कमी ऐकू येतं असा घरात समज आहे, म्हणून माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

चार तारे म्हणे. कुणी दिले, कुठं बसून दिले, देणाऱ्याच्या शेजारी त्या वेळी कोण बसलं होतं, कशाचा कशाला पत्ता नाही. मला असा राग आला की मी टीव्ही बंद करायला लावला आणि जेवायला वाढा म्हणालो. जेवताना नातसुनेला म्हटलं, बाई गं, आमच्या पेणमध्ये हे काम सगुणाबाई करायची. तिला एक चुकला. एकोणीस वर्षांत एकच. त्या एकाची तिनं काय भरपाई केली ते ऐक, मग तुझ्या त्या मोबाईलला सांग.

मी दत्तात्रेय. पेणच्या टॉकीजमध्ये बुकिंगच्या खिडकीत मी तेवीस वर्षं बसलो. टॉकीजचं नाव सांगत नाही, मालकाचे नातू गावात आहेत आणि आता त्या जागी दुकानं झाली आहेत. जुनं पत्र्याचं टॉकीज होतं. आत डाव्या अंगाला बायकांचा भाग होता, आम्ही त्याला लेडीज म्हणायचो. मध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा, माणसाच्या डोक्याइतका उंच. लेडीजचा दरवाजाही वेगळा, बाजूच्या बोळातून. त्या दरवाजावर पुरुष माणूस ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तिथं बाई लागायची, आणि ती बाई म्हणजे सगुणा.

ती खाडीकडच्या गावची. नवरा जगन मिठागरात कामाला होता आणि ही डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. जगन तापानं गेला तेव्हा पोरगी मालू सहा वर्षांची होती. मिठानं सगुणेच्या पायांना भेगा पडल्या होत्या, डॉक्टरनं मिठागरात उतरायला बंदी केली, आणि कुणाच्या तरी ओळखीनं ती आमच्या मालकांकडं, हैबतरावांकडं आली. तोवर तिनं आयुष्यात एकही पिक्चर बघितलेला नव्हता. खरं सांगायचं तर नंतरही जवळजवळ बघितलाच नाही.

म्हणजे असं की, दरवाजाशेजारी भिंतीला टेकून तिचं स्टूल असायचं आणि ती पडद्याकडं पाठ करून बसायची. समोर बाया. कुणाचं पोर रडलं की उचलून बोळात न्यायचं, कुणाला मळमळलं तर बाहेर काढायचं, दोघींची जागेवरून जुंपली तर मध्ये पडायचं. तिचं म्हणणं, माझं काम बायांकडं बघायचं हाय, पडद्याकडं बघायला लोकं तिकीट काढून आल्यात. एकोणीस वर्षं तिनं पिक्चर पाठीनं ऐकले आणि बायांच्या तोंडावर बघितले.

पण त्यामुळंच तिला जे कळायचं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. नवा पिक्चर शुक्रवारी लागायचा, दोन आठवडे तरी राहायचा. मंगळवारी बाजार, त्या दिवशी दुपारच्या खेळाला लेडीज गच्च भरायची, वडखळपासून खाडीपर्यंतच्या बाया यायच्या. तो खेळ सुटला की लोक बोळात सगुणेला गाठायचे. सगुणाबाय, आणू का घरच्यांना? मग ती पदरानं तोंड पुसायची आणि सांगायची. बाया तोंड उघडून हसल्या असतील तर सगळ्यांनी या. पदराआड हसल्या असतील तर नवऱ्याबरोबर ये, सासऱ्याबरोबर नको. आणि एकमेकींना चिमटे काढून गप्प बसल्या असतील तर ती नुसती मान हलवायची, की त्या माणसानं समजून जायचं.

एकदा एका देवाच्या पिक्चरला तिनं मान हलवली. हैबतराव खवळले, अगं देवाचा पिक्चर आहे. ही म्हणाली, "देवाचा असंल, पण त्यात सासू सुनेला छळते. नव्या सुना आख्ख्या खेळाला रडत होत्या, आन् सासवा शेजारीच बसलेल्या. घरी जाऊन काय होईल?" दोन घरांत खरंच भांडणं झाली. तेव्हापासून पेणमध्ये म्हण म्हणा की रीत म्हणा, पण पिक्चर लागला की पहिला प्रश्न हाच, सगुणाबाईनं पास केला का? एकदा बदलून आलेल्या एका साहेबांनी तिला विचारलं, बाई, तुमचं शिक्षण काय? ती म्हणाली, "मला लिवता वाचता येत नाय, पन हसणं वाचता येतं." साहेब पुढच्या मंगळवारी आपली बायको घेऊन आले आणि तिला सगुणेजवळच्या रांगेत बसवून गेले.

आता मालूचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे.

मालूला निडीला दिली. नागोठण्याच्या पुढं, रोह्याच्या अलीकडं. सासरा बाबाजी, भात आणि वाल पिकवणारा कष्टाळू माणूस, भजनात बसणारा, तोंडानं कमी. नवरा गोविंदा सज्जन. सासू गिरजाबाई बोलकी. घर चांगलं, खायला प्यायला काही कमी नाही. पण लग्न झालं आणि मग कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की तुमची विहीण सिनेमाच्या दारावर बसते. तशी ती लपवलेली गोष्ट नव्हती, पण दारावर बसते म्हणजे काय, हे सांगणाऱ्यानं आपल्या मनानं सांगितलं असणार. बाबाजी रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. फक्त मालूला माहेरी पाठवायचं राहून जायला लागलं. दिवाळीला कापणी आहे. संक्रांतीला वालाची राखण आहे. शिमग्याला पाहुणे आहेत. वर्ष गेलं, वर चार महिने गेले. सगुणा रोज खेळ सुटला की माझ्या खिडकीशी यायची आणि विचारायची, "दत्तूभाऊ, निडीकडचं कोन आलं व्हतं काय तिकिटाला?" मी नाय म्हणायचो. माझ्यानं तिच्याकडं बघवायचं नाही.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या पावसाळ्यातली गोष्ट. व्हिडिओ नुकता आला होता. एस.टी. स्टँडजवळ एकानं व्हिडिओचं दुकान टाकलं आणि आमची अर्धी गर्दी तिकडं गेली. हैबतराव माणूस वाईट नव्हते, पण घाबरलेला माणूस वाईट माणसासारखाच वागतो. त्यांनी एक पिक्चर आणला. नाव विचारू नका, सांगणार नाही. विनोदी होता. एक घरजावई, एक त्याची सासू, एक धोतर, आणि ते धोतर पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत काही कमरेला राहत नव्हतं. बाकी तुम्ही समजा. पोस्टरवर त्या गोल वर्तुळात 'अ' होतं, फक्त प्रौढांसाठी. हैबतरावांनी पेंटरला सांगितलं आणि पेंटरनं त्या 'अ'वर झेंडूचं फूल काढलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, सहकुटुंब पाहा. तसली पोस्टरं रोह्याच्या स्टँडपर्यंत लागली.

लोक पोस्टरवर विश्वास ठेवत नव्हते, मंगळवारची वाट बघत होते.

मंगळवारी लेडीज भरली ती जवळजवळ सगळी सगुणेच्याच गावच्या बायांनी. भाताच्या लावण्या उरकल्या होत्या, महिनाभर चिखलात वाकून पाठी मोडल्या होत्या, आणि बाया एकमेकींना बोलावून ट्रकमध्ये बसून आल्या होत्या. पुरुषांच्या बाजूला म्हणाल तर दहा-बारा डोकी, तीही अनोळखी. मी खिडकी बंद करून आत डोकावलो. काय हसत होत्या हो त्या. ते धोतर सुटलं की एकेक बाई पुढच्या खुर्चीवर आडवी पडायची. एक म्हातारी उभी राहून पडद्यातल्या सासूला सल्ला देत होती, आणि तो सल्ला पिक्चरपेक्षा वरचढ होता. सगुणा पाठ करून बसलेली, आणि तीही हसत होती, पडद्याला नाही, बायांना. किती दिवसांनी मी तिला हसताना बघितली.

खेळ सुटला. बोळात माणसं उभीच होती. सगुणाबाय, काय? ती डोळे पुसत म्हणाली, "चांगला हाय. जा सगल्यांनी."

मी तिथं होतो. माझ्या मनात आलं होतं, की सगुणे, थांब, काहीतरी चुकतंय. मी पडदा बघितला होता, तिनं नाही. पण सहा वाजताच्या खेळाची रांग लागायला लागली होती, हैबतराव माझ्या पाठीवर थाप मारून गेले, आणि मी खिडकीत जाऊन बसलो. हा माझा नेभळटपणा. आजही आठवला की जेवण गोड लागत नाही.

सगुणेच्या गावची बायजाबाई सुकी मच्छी घेऊन नागोठणे-रोह्याकडं फिरायची. पावसाळ्यात ताजी नसते, सुकट-बोंबलाला गिऱ्हाईक असतं. बुधवारी ती निडीला गेली आणि गिरजाबाईच्या ओटीवर टोपली उतरवून तिनं सांगितलं की पेणला पिक्चर लागलाय, तुमच्या विहिणीनं पास केलाय. आणि वर हेही सांगितलं की तुमच्या विहिणीला पेणमध्ये काय मान आहे, साहेबलोक तिला विचारून बायका आणतात. बाबाजी ऐकत होते. त्यांना गणपतीचा पाट द्यायला पेणला यायचंच होतं. तिकडं रीत अशी की घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडं नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपला गणपती घडवून घ्यायचा. बाबाजी म्हणाले, रविवारी सगळेच जाऊ. पाट देऊ, विहिणीनं सांगितलेला पिक्चर बघू, आणि येताना मालूला चार दिवस तिच्या आईकडं ठेवून येऊ.

बायजाबाईनं गुरुवारी हा निरोप आणला तेव्हा सगुणेनं तो माझ्यासमोर तिला तीनदा सांगायला लावला. चार दिवस म्हणाले का? नक्की चार? मग ती बाजारात गेली आणि मालूला आवडतात म्हणून कोलीमच्या, म्हणजे बारीक जवळ्याच्या, वड्यांचं सामान घेऊन आली.

आणि त्याच गुरुवारी हैबतरावांनी फळ्या काढल्या. त्यांचं म्हणणं, लोक व्हिडिओकडं का जातात, तर घरचं माणूस घरच्या माणसाशेजारी बसून बघतं. इथं नवरा इकडं, बायको तिकडं. विठू सुताराला बोलावलं, त्यानं दुपारपर्यंत आडोसा उतरवला आणि फळ्या पडद्यामागं रचून ठेवल्या. शनिवारी सहाच्या खेळाला पेणमधली घरंच्या घरं आली. सगुणाबाईनं पास केला होता ना. सासरे, सुना, लेकी, जावई, एका रांगेत.

त्या खेळात मी आत नव्हतो, पण सगुणेनं नंतर मला सांगितलं ते सांगतो. धोतराचा पहिला प्रसंग आला आणि ती हसण्याची वाट बघत बसली. हसणं आलं, पण फक्त मागच्या टवाळांचं. समोर बाया होत्या त्या मान खाली घालून बसल्या होत्या. एक सून पदराचं टोक पिळत होती. एक बाप पाणी प्यायला म्हणून उठला आणि बाहेर येऊन बोळात बिडी ओढत उभा राहिला, आत गेलाच नाही. सगुणेला कळेना. तोच पिक्चर, तोच आवाज, मंगळवारी ज्याला बाया लोळत होत्या त्याला आज कुणी श्वास घेत नव्हतं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्टूल फिरवलं आणि पडदा बघितला.

मध्यंतरात ती माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "दत्तूभाऊ, मी काय सांगून बसले? मंगलवारी बाया हसल्या, कारण त्यांचा कोन पुरुष तिथं नव्हता. मी हसणं आयकलं, त्यांच्या बाजूला कोन हाय ते नाय बघितलं." मग म्हणाली, "उद्या व्याही येतात."

मी म्हटलं, निरोप पाठवू. कुणाबरोबर पाठवणार? निडीला त्या वेळी कोण फोन घेऊन बसलं होतं. मग मी म्हटलं, अगं सगुणे, एवढं काय, बघतील आणि विसरतील, मालू चार दिवस राहील तुझ्याकडं, गप्प बस. मी तिच्या भल्यासाठीच बोललो होतो. ती पदर खोचून परत दरवाजावर गेली.

रविवारी तीनच्या खेळाला ती माणसं आली. पाट देऊन आली होती, बाबाजींच्या टोपीवर पावसाचे थेंब होते. गोविंदानं माझ्याकडून चार तिकिटं घेऊन बापाच्या हातात दिली, एका रांगेतली, मीच फाडून दिली. मागं रांग होती, पन्नासेक माणूस. मालू नवी साडी नेसून आली होती आणि तिच्या हातात कापडी पिशवी होती, चार दिवसांचे कपडे असणार. आईकडं बघून ती अशी हसली की मला खिडकीतूनही दिसलं. आता आडोसा नव्हता तेव्हा दरवाजाही एकच राहिला होता, आणि त्या दरवाजात सगुणा उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"व्याही, आत जाव नका."

बाबाजी थांबले. "का? खेल सुरू झाला?"

"नाय. ह्यो पिक्चर तुमच्यासाठी नाय."

"तुम्हीच सांगितलाव ना चांगला हाय म्हणून? बायजाबाई सांगत व्हती."

"सांगितला. माजं चुकलं."

बाबाजींना ते कळलं नाही. त्यांनी पोस्टरकडं बघितलं. "काय हाय त्यात? मारामारी हाय?"

"मारामारी नाय."

"मग?"

आता सांगा, व्याह्याला विहिणीनं काय सांगायचं? सून बाजूला उभी, मुलगा बाजूला उभा, मागं पन्नास माणसं कान देऊन. तेवढ्यात हैबतराव आतून आले. "काय चाललंय बाई? सोड त्यांना आत, पाहुणे आहेत." मी खिडकीत बसून मनात म्हणत होतो, सोड गं बाई, मुकाट्यानं सोड, पोरगी घरी येतेय तुझ्या.

सगुणेनं हैबतरावांकडं बघितलंच नाही. ती बाबाजींना म्हणाली, "व्याही, एक सांगा. तुमच्या घरात हलद लागते, बाया रातची गाणी म्हनतात, तेव्हा तुमी कुठं बसता?"

आमच्या भागात हळदीच्या गाण्यांत बाया काय काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. नवऱ्याला, व्याह्याला, भटाला, कुणाला सोडत नाहीत. पण त्या वेळी एकही शहाणा पुरुष जवळ थांबत नाही. ऐकलं तरी ऐकलं नाही असं असतं.

"मी खल्यात जाऊन बसतो," बाबाजी म्हणाले. "बायांचा कार्यक्रम त्यो. आपून कशाला थांबायचं?"

"आन् थांबलात तर?"

"तर त्यांना म्हणता येनार नाय."

"बस. तसाच हाय ह्यो पिक्चर."

बाबाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. त्यांनी एकदा हातातल्या चार तिकिटांकडं बघितलं, एका रांगेतल्या, आणि मग सुनेकडं बघायचं टाळून त्यांनी ती घडी करून खिशात घातली. म्हणाले, "चला. पावणेचारची एस.टी. मिलंल."

गिरजाबाई काही बोलायला गेली, पण ते निघालेच. गोविंदा मागोमाग. मालू क्षणभर उभी राहिली, पिशवी धरून. मग सासूनं तिचा दंड धरला आणि तीही निघाली. स्टँडच्या वळणापर्यंत ती मागं बघत होती. चार दिवसांचं कुणी नावही काढलं नाही. आणि सगुणा ते मागू शकत नव्हती, त्या क्षणी तर मुळीच नाही.

मागच्या रांगेतली माणसंही पांगली. सगळं त्यांनी ऐकलं होतं. हैबतराव मोकळ्या रस्त्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." ती हो म्हणाली. स्टूल तिचं स्वतःचं होतं, घरून आणलेलं, पण ते न्यायचंही तिला सुचलं नाही. आणि मी, ज्याला ती रोज भाऊ म्हणायची, मी खिडकीतून एक शब्द बोललो नाही. माझ्या मागं तीन पोरं होती, ही माझी सबब. सबब खरी होती, पण लाज जायची ती गेली नाही.

पुढचा महिना टॉकीजला फार वाईट गेला. पिक्चर बदलला, चांगला घरगुती पिक्चर लावला, तरी घरं येईनात. लोक खिडकीशी यायचे आणि विचारायचे, पास केलाय का? कुणी, म्हटल्यावर काय सांगणार. मी म्हणायचो, अहो मी सांगतो ना, चांगला आहे. ते माझ्याकडं बघायचे आणि निघून जायचे. माझ्या शब्दाची पेणमध्ये काय किंमत होती ते मला त्या महिन्यात समजलं. गणपती झाले, विसर्जन झालं, आणि एक दिवस हैबतराव मान खाली घालून मला म्हणाले, "दत्तू, जा बाबा, त्या बाईला घेऊन ये."

मी सायकलच्या मागं तिचं स्टूल बांधलं आणि दुपारी खाडीच्या बांधावरून तिच्या गावाला गेलो. वाटेत मनात जुळवाजुळव करत होतो, काय बोलायचं, माफी कशी मागायची. घर दिसलं आणि मी सायकलवरून उतरलोच. ओटीवर बाबाजी बसले होते.

म्हटलं, काय झालं आता? सोडचिठ्ठी की काय? पण बाबाजींनी मला ओळखलं आणि बाजूला सरकून जागा दिली. म्हणाले, तिकीट फाडनारे ना तुमी? मी हो म्हटलं. कसे काय आलात विचारलं, तर म्हणाले, "मालूला न्यायला आलोय. आठ दिवस झालं इथं हाय. तिची सासूबी दोन दिवसांपासून इथंच हाय, जायचं नाव काढत नाय."

मी सायकल उभी केली आणि बसलो. मग तेच हळूहळू बोलायला लागले. एवढं बोलणारा माणूस नव्हे तो. म्हणाले, "त्या दिवशी मी रागातच गेलो. पन्नास माणसांत परत फिरवलंन्. एस.टी.त बसल्यावर विचार आला, आत गेलो असतो तर माज्या एका अंगाला बायको, दुसऱ्या अंगाला सून. आन् विहिणीला ठावं व्हतं की परत फिरवलं तर पोरगी जाईल. तरी फिरवलंन्." ते बांधाकडं बघत होते. "मी सव्वा वरीस पोरीला पाठवली नाय. लोकांनी काय सांगितलं ते आयकत बसलो. चूक मी केली, आन् चुकलं म्हनाली ती."

मी पण माझं सांगितलं, की मी खिडकीतच बसून राहिलो. त्यांनी मान डोलावली. मग मी विचारलं, आत कोण कोण आहे? कारण आतून आवाज येत होते. ते म्हणाले, "तिघीच हायेत. आमची बायको तिच्या मागं लागलीय, त्यो पिक्चर काय व्हता ते सांग म्हनून. मगाशी नाय नाय म्हनत व्हती."

कुडाची भिंत, शेणानं सारवलेली. पलीकडचं सगळं ऐकू येतं. भांड्यांचा आवाज थांबला होता. सगुणा सांगत होती, हळू आवाजात, आणि मी कान दिला तर ती पिक्चर नुसता सांगत नव्हती, मंगळवारी बाया कशा हसल्या आणि त्या म्हातारीनं पडद्यातल्या सासूला काय सल्ला दिला ते पण सांगत होती. धोतराशी आली. पहिली गिरजाबाई फुटली. मग मालू, आणि मग तिघी. मध्येच गिरजाबाई म्हणाली, "अगो हलू, भायेर बसलेत ते," आणि आतलं हसणं एकदम दबलं, पदर तोंडात घातल्यासारखं.

बाबाजी उठले. टोपी डोक्यावर घातली, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि पायऱ्या उतरले.

मी म्हटलं, "कुठं निघालात? चहा व्हायचाय अजून."

ते म्हणाले, "चला, बांधावर जाऊन बसू. आपून हितं हाव म्हनून त्या हलू हसतात."